धूर मागू नका, आकडे मागा

गावात तापाचे चार-पाच पेशंट निघाले की नगरपरिषदेत पहिला फोन जातो तो धूर सोडा म्हणून. नगरसेवकही लगेच गाडी पाठवतो. फटफट करत मशीन गल्लीत शिरतं, पोरं मागून धावतात, बायका भराभर दारं-खिडक्या लावून घेतात आणि दहा मिनिटांत सगळा धूर विरून जातो. गल्लीला बरं वाटतं, नगरसेवकाचा फोटो निघतो. डेंग्यूचा डास मात्र पलंगाखाली नाहीतर खुंटीवरच्या कपड्यांमागे होता तिथेच बसून असतो. धूर बाहेर, डास आत, आणि मधलं दार आपणच लावलेलं.

धूर अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. एखाद्या घरात डेंग्यूचा रुग्ण सापडला, तर त्या घराच्या आसपास तातडीनं फवारणी करावीच लागते. पण धुरानं मरतो तो उडणारा डास. पाण्यातल्या अळीला त्याचा पत्ताही नसतो, आणि चार दिवसांनी तीच अळी डास होऊन बाहेर येते. तरीही आपण मागतो धूरच, कारण तो दिसतो. आपण जे मागतो तेच नगरपरिषद करते, तीही बिचारी दुसरं काय करणार? म्हणून छोट्या शहरांत राहणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे: मागणी बदला. धूर मागायचा तिथे आकडे मागा. कोणते, ते पुढे सांगतो. त्याआधी मागायचं कोणाकडे ते पाहू.

कोणाचं काम काय

महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा १९६५ च्या कायद्यानं चालतात. एक लाखावर वस्ती असेल तर 'अ' वर्ग, चाळीस हजारांवर 'ब' आणि त्याखाली 'क'. या कायद्यात विषय समित्या आहेत आणि त्यांतली एक म्हणजे स्वच्छता, वैद्यक व सार्वजनिक आरोग्य समिती. तिचा सभापती आपल्यातूनच निवडून गेलेला नगरसेवक असतो. प्रत्यक्ष काम मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखाली चालतं: स्वच्छता निरीक्षक, मुकादम, सफाई कामगार, घंटागाडीवाले आणि पाणीपुरवठ्याचे फिटर, व्हॉल्व्हमन. गेली काही वर्षं बऱ्याच नगरपरिषदांत प्रशासकच होते, त्यामुळे अशी समिती असते हेच अनेकांच्या डोक्यातून गेलंय. आपल्या गावचा आरोग्य सभापती कोण, हे शेजाऱ्याला विचारून पाहा. बहुतेकांना सांगता येत नाही.

सगळं काही या समितीकडे नाही, हेही लक्षात घ्या. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं असतं. तिथे औषध नाही म्हणून नगराध्यक्षांच्या दारात जाऊन काही होत नाही. हॉटेलातल्या भेसळीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. डेंग्यू-हिवतापाच्या कामात जिल्हा हिवताप कार्यालयाची माणसं आणि औषधं मदतीला येतात. पण नळाचं पाणी, गटार, कचरा, डासांची पैदास आणि जन्ममृत्यूची नोंद ही पक्की नगरपरिषदेची कामं. तिथे टोलवाटोलवी ऐकून घेऊ नका.

या सगळ्या कामांची अडचण एकच आहे. ती नीट झाली तर काहीच घडत नाही. कोणी आजारी पडत नाही, पेपरात बातमी येत नाही, उद्घाटनाला फीत नसते. काहीही न घडण्याबद्दल मत कोण देणार? असं काम झालं की नाही, हे फक्त नोंदवहीतल्या आकड्यावरून कळतं.

पिंपात काय दिसतं

पहिला आकडा अळ्यांचा. पावसाळ्यात घरोघरी पाणी तपासायला आशाताई किंवा आरोग्य कर्मचारी येतात. दारात संवाद ठरलेला.

'ताई, पाण्याची पिंपं बघायची होती जरा.'

'आमच्याकडे डास नाहीत हो. कालच धुतलंय पिंप.'

आपल्या न्हाणीघरात परक्या माणसानं डोकावणं कोणालाच आवडत नाही, हे खरं. पण एकदा त्यांच्या बरोबरीनं उभं राहून बघा. आशाताई बॅटरीचा झोत पाण्यावर तिरका टाकतात. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात काळपट-करडे धाग्याचे तुकडे वळवळत तळाकडे जातात. थोडा वेळ थांबलं की तेच पुन्हा वर येतात आणि डोकं खाली, शेपूट वर करून पाण्याच्या पृष्ठभागाला लटकतात. शेपटाच्या नळीनं ते श्वास घेतात. हाच पुढच्या आठवड्याचा डास. गटाराच्या घाणीशी त्याचं काही नातं नाही. डेंग्यूच्या डासाला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. तो चावतो दिवसा आणि फार लांब जात नाही, साधारण शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे तुमच्या पोराला चावलेला डास तुमच्या नाहीतर शेजारच्या घरातला.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सांगतात. पण ज्या गावात पाणीच पाच-सहा दिवसांनी येतं, तिथली बाई भरलेलं पिंप ओतून कसं देईल? तिला दोष देण्यात अर्थ नाही. अशा गावात कोरडा दिवस शनिवारी की रविवारी हे कॅलेंडरवरून ठरवू नका. तो नळाच्या पाळीला जोडा. पाणी यायच्या आधी उरलंसुरलं पाणी धुण्याला, झाडांना वापरून टाका, पिंप आडवं करा आणि आतून काथ्यानं नाहीतर ब्रशनं घासून काढा. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरड्यात महिनोन् महिने टिकतात. नुसतं विसळलं तर नवं पाणी पडताच त्यांतून अळ्या निघतात. भरल्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा तोंडावर ताणून बांधा. अर्धवट ठेवलेलं झाकण चालत नाही, डासाला फट पुरते. जो हौद रिकामा करता येत नाही आणि ज्यातलं पाणी पिण्याला लागत नाही, त्यात गप्पी मासे सोडा.

पाण्यात अळीनाशक टाकायला आले तर टाकू द्या. वास येतो म्हणून लोक पाठ फिरताच पिंप ओतून देतात. ठरल्या प्रमाणात ते माणसाला अपायकारक नसतं. आणि पिंपाच्या पलीकडेही नजर टाका: फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, बंद पडलेला कूलर, गच्चीवरचे टायर, ताडपत्रीच्या खळग्यात साचलेलं पाणी, चिमण्यांसाठी ठेवलेलं भांडं. नव्या बांधकामावरचं पाण्याचं टाकं तर अख्ख्या आळीला पुरेल इतके डास देतं. ठेकेदाराला सांगायला लाजू नका.

आता आकडा. समजा, तुमच्या प्रभागात १०० घरं तपासली, ८ घरांत अळ्या मिळाल्या आणि त्या घरांतली मिळून १२ भांडी दूषित निघाली. मग घर निर्देशांक ८ आणि ब्रेटो निर्देशांक १२. गणित इतकंच. हे दोन आकडे प्रत्येक फेरीनंतर कागदावर यायला हवेत. गेल्या महिन्यात घर निर्देशांक ८ होता आणि या महिन्यात १५ झाला, तर साथ यायच्या आधीच कळतं. धुराच्या किती फेऱ्या झाल्या या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही.

शेवटच्या नळाचं पाणी

दुसरा आकडा पाण्यातल्या क्लोरीनचा. टाकीवर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली म्हणजे पाणी शुद्ध झालं असं समजू नका. ही पावडर ताजी असताना तिच्यात साधारण तिसरा हिस्सा क्लोरीन असतो. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं की क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. शिवाय टाकीपासून निघालेलं पाणी गावाच्या टोकापर्यंत पोचेतो वाटेतल्या घाणीशी लढण्यात क्लोरीन खर्ची पडतो. म्हणून तपासायचा असतो शेवटच्या टोकाचा नळ.

तपासणी अगदी साधी आहे. छोट्या काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. जितका पिवळा रंग गडद, तितका क्लोरीन जास्त. शेजारच्या रंगपट्टीशी ताडून आकडा लिहायचा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा, साथीच्या दिवसांत ०.५ पर्यंत. पाणी पांढरंच राहिलं तर ते कितीही नितळ दिसो, त्यावर विसंबू नये. यालाच ओटी टेस्ट म्हणतात. तुमच्या गल्लीत ती शेवटची कधी झाली, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मनावर घेतलं तर आठवी-नववीची मुलंही त्यांच्या देखरेखीखाली ही तपासणी शिकू शकतात.

पाण्यात घाण शिरते कुठून? आपल्याकडे पाणी तास-दोन तास येतं, उरलेला वेळ पाइप रिकामा. त्याला कुठे चीर असेल आणि वरून गटार वाहत असेल, तर गटाराचं पाणी त्यात झिरपतं. त्यात आपण नळाला थेट मोटर लावतो. मोटर पुढच्या घराचं पाणी तर ओढतेच, पण पाइपातल्या चिरेतून बाहेरची घाणही आत खेचते. आपली टाकी लवकर भरते, आणि गल्लीला जुलाब लागतात. हे थांबवणं नगरपरिषदेच्या हातात कमी, आपल्या हातात जास्त. घरात खाली टाकी बांधा, नळ तिथे सोडा आणि मोटर त्या टाकीला लावा. नवा नळ घेताना प्लंबर पाइप गटारातून नेत असेल, तर चार पैसे जास्त देऊन वरून घ्यायला सांगा. सुरुवातीचं गढूळ पाणी भरू नका. रोज गढूळ येत असेल तर कळवा, कारण कुठेतरी पाइप फुटलेला असतो.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी या भागांत जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांची नजर विहिरीच्या आणि टँकरच्या पाण्याकडे वळली. पुण्यात मोठी रुग्णालयं आणि विषाणू संस्था हाताशी आहे. आपल्या गावात ते नाही. आपल्याला परवडते ती काचेची नळी, आणि ती रोज वापरली तर पुरेशी आहे.

तापाचा खरा पत्ता

तिसरा आकडा रुग्णांचा, आणि तो आपण दिल्याशिवाय नगरपरिषदेला मिळतच नाही. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आल्याचं पहिल्यांदा ओळखलं ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे आणि मुंबईत साधी प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. बंगल्यात बसलेल्या साहेबाला जे दिसलं नाही, ते वस्तीत रुग्ण तपासणाऱ्याला दिसलं. आजही गल्लीतल्या डॉक्टरलाच सगळ्यात आधी कळतं की या आठवड्यात एकाच आळीतून तिघं तापानं आले. त्यांनी ते स्वच्छता निरीक्षकाला कळवलं, तर फवारणी नेमक्या घरी पोचते. डॉक्टरमंडळींनाही माझं हेच सांगणं आहे: रिपोर्टची वाट न पाहता संशयित रुग्णाची खबर द्या. क्षयरोगाची माहिती देणं तर २०१२ पासून खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे.

आपलं काम त्याहून सोपं. रक्त द्यायला लॅबमध्ये गेलात की राहता पत्ता सांगा. आपण आधार कार्ड पुढे करतो, त्यावर पत्ता गावाकडचा नाहीतर जुन्या भाड्याच्या घराचा. मग फवारणीची टोळी तिथे जाते, जिथे रुग्ण राहतच नाही. आळी, घराची खूण आणि चालू फोन नंबर एवढं नीट सांगितलं तरी मोठी मदत होते. रुग्ण दिवसा कुठे कामावर किंवा कोणत्या शाळेत असतो तेही सांगा, कारण डास दिवसा चावतो. एकाच आळीत दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी कळवा. तोवर पाणी उकळून प्या आणि आजाऱ्याला ओआरएस पाजत राहा.

लपवण्याची सवय आपल्याला जुनी आहे, आणि तिला कारणही आहे. १८९७ च्या पुण्यात प्लेगच्या झडतीसाठी सोल्जर घरात घुसले, माणसं ओढून नेली, सामान बाहेर फेकलं. लोकांनी आजारी लपवायला सुरुवात केली. प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याचा खून झाला तो त्याच वर्षी. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या आणि एकाच वर्षातल्या. अधिकाऱ्यांनी यातून शिकायचं ते असं की दंडाची पावती आधी आणि समजावणं नंतर, हा क्रम उलटा करा. घरात अळ्या सापडल्या म्हणून चारचौघांत बाईला बोललात, तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही.

मृत्यूच्या नोंदीबद्दलही थोडं. जन्म आणि मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण मृत्यूच्या कारणात 'हृदयक्रिया बंद' एवढंच लिहिलेलं असतं. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं. दुःखाच्या वेळी हे सुचणं अवघड, तरी घरातल्या कुणा जाणत्यानं डॉक्टरांकडून खरं कारण लिहून घ्यावं. कावीळ, क्षय, डेंग्यू, साप, अपघात, जे असेल ते. अशा नोंदींवरूनच पुढच्या वर्षी गावाला कशाची गरज आहे ते कळतं.

ज्यांचे हात घाणीत जातात

घंटागाडीत ओला-सुका वेगळा द्या, हे ऐकून कान किटले असतील. मी त्याचं दुसरं कारण सांगतो. फुटलेली काच, ब्लेड, इन्सुलिनची सुई आपण पिशवीत कोंबतो आणि ती पिशवी कोणाचा तरी उघडा हात उचलतो. काच जाड कागदात गुंडाळा, वर 'काच' लिहा. सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून वेगळी द्या. पॅड आणि डायपर कागदात बांधून वेगळे द्या. शौचालयाची टाकी दोन-तीन वर्षांनी मशीननं उपसून घ्या. माणसाला आत उतरवू नका. २०१३ च्या कायद्यानं त्याला बंदी आहे, आणि टाकीतल्या वायूनं माणूस क्षणात जातो. कामगारांना हातमोजे, बूट मिळतात का, वर्षाला तपासणी होते का, हाही आरोग्य समितीला विचारायचा प्रश्न आहे.

नगरपरिषदेला कळवायची आणखी एक गोष्ट म्हणजे कुत्र्याचा चावा. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा आणि सगळे डोस पुरे करा. कुठल्या चौकात चावला ते नगरपरिषदेला कळवा, म्हणजे निर्बीजीकरण आणि लसीकरण कुठून सुरू करायचं ते त्यांना ठरवता येईल.

या महिन्यात काय विचारायचं

नगरपरिषदेच्या दारावर कराच्या थकबाकीदारांची यादी लागते, तशी एक पाटी आरोग्याची लागली पाहिजे. तिच्यावर चार ओळी पुरेत: शेवटच्या टोकाच्या नळाला या आठवड्यात क्लोरीन किती होता, किती घरं तपासली आणि अळ्या किती घरांत मिळाल्या, ताप आणि जुलाबाचे रुग्ण कोणत्या प्रभागात किती निघाले, मागच्या महिन्यातल्या किती तक्रारी सुटल्या. रुग्णाचं नाव त्यात कधीच नको, नुसता प्रभाग पुरे.

सभापतींना आधी साधेपणानं विचारा. स्वच्छता निरीक्षकाची वही मागा, एखाद्या सकाळी त्यांच्याबरोबर ओटी टेस्टला जा. बऱ्याच निरीक्षकांना आनंदच होईल, कारण आजवर त्यांच्या वहीत कोणी डोकावलेलं नाही. टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार आहे, अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पण ती वेळ येऊ नये. गणेश मंडळ, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, यांतलं एक जरी प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हे चार आकडे विचारायला गेलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून वही आधीच भरलेली मिळेल.

आणि आकडे वाईट निघाले, तर लगेच आरडाओरडा करू नका. आठ घरांत अळ्या मिळाल्या असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला आपण फैलावर घेतलं, तर पुढच्या महिन्यात तो शून्य लिहील, आणि ते शून्य आपल्याला फार महाग पडेल. त्याला म्हणा, बरं झालं सांगितलंत. ती आठ घरं कोणत्या आळीतली ते विचारा आणि दोघं-तिघं मिळून त्याच संध्याकाळी तिकडे चक्कर टाका.